बिराजदार साहेबांची हजेरी

बिराजदार वहिनी, गावकरी मंडळी, ठाण्यातनं आलेले शिपाई बांधव,

मी सुमन, या वाडीची पोलीस पाटील. पंचनाम्याला उभं राहायची सवय हाय मला. असं उभं राहायची न्हाई. मधीच थांबले तर थांबू द्या.

आपले फौजदार बिराजदार साहेब लई कडक होते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, म्हणून मी खोटं बोलणार न्हाई. कडकच होते. पहिल्याच दिवशी माझी वही उघडून म्हणाले, "हे अक्षर हाय का कोंबडीनं पाय उमटवलेत?" सगळ्यांसमोर. मी घरी येऊन रडले होते.

मंडळी, उन्हाळ्यात धरणाचं पाणी आटलं, बुडालेल्या जुन्या गावातल्या देवळाचा कळस वर आला, आणि भर दुपारी पाण्यावरनं हाका यायला लागल्या, हे तुम्हाला मी काय सांगावं? आपल्याच माणसाच्या आवाजात हाका. केरबातात्यांना त्यांच्या गेलेल्या बायकोनं बोलावलं. त्यांनी ओ दिली आणि चपला काढून सरळ पाण्यात चालत गेले. जुनी माणसं म्हणाली, एकदा ओ गेली की पाणी एकाला नेल्याबिगर राहत न्हाई.

साहेबांनी काय केलं? भूत हाय का न्हाई यावर वाद घातला न्हाई. म्हणाले, "भुताला कलम न्हाई. माणसं मोजणं माझ्या हातात हाय."

आणि रोज बाराला शाळेच्या पटांगणात अख्ख्या गावाची हजेरी सुरू झाली. म्हातारी, बाळंतीण, कुणाला सूट न्हाई. नाव पुकारलं की "हजर" म्हणायचं. बाकी कुणाच्याच हाकेला ओ द्यायची न्हाई. आपण किती शिव्या घातल्या त्यांना! आम्ही काय कोंडवाड्यातली जनावरं हाव का, म्हणालो. त्यांच्या बदलीचा अर्ज केला. त्या अर्जावर पहिली सही माझी होती.

एकदा मी धीर करून विचारलं, "साहेब, जरा गोडीनं बोललं तर काय बिघडतंय?"

ते म्हणाले, "पाणी गोडच बोलतंय, पाटलीणबाई. मी बी तसंच बोललो तर तुम्ही वळखणार कसं? माझ्या आवाजात गोड हाक आली, तर तो मी न्हवं. ध्यानात ठेवा."

मी ध्यानात ठेवलं न्हाई.

वहिनी, हे तुमच्यासाठी सांगायलेय. त्या सोमवारी मी शेतातनं धरणाच्या वाटेनं येत होते. हजेरीला उशीर झाला होता. पाठीमागनं साहेबांचा आवाज आला. "सुमनताई, दमलात का? या, बसा जरा." सात महिने त्या माणसाच्या तोंडून एक बरा शब्द ऐकायला मी आसुसले होते हो! माझ्या तोंडून ओ निघून गेली.

मग पाय माझे राहिले न्हाईत. पाणी छातीला लागलं. तिकडं हजेरीत माझ्या नावाला "हजर" आलं न्हाई, म्हणून साहेब पळत आले होते. वेणी धरून त्यांनी मला काठावर ओढलं. "कुणी सांगितलं ओ द्यायला? अक्कल कुठं ठेवली?"

तेवढ्यात पाण्यानं परत हाक मारली. "सुमनताई." माझं तोंड उघडलं. साहेबांनी माझ्या तोंडावर हात दाबला. आणि पाण्याकडं बघून, त्या खणखणीत ठाण्यातल्या आवाजात, माझ्या नावाला स्वतः म्हणाले, "हजर."

टोपी काढून माझ्या हातात दिली. बंदोबस्ताला निघावं तसे पाण्यात गेले. मागं वळून बघितलं न्हाई.

वहिनी, लोक कुजबुजायलेत, साहेब जिवाला कंटाळले होते. खोटं हाय ते. ते माझ्या जागी गेले. हे मी इतके दिवस गिळून बसले, कारण तुमच्याकडं बघायची हिंमत न्हवती. आजही न्हाई. माफी मागायला तोंड न्हाई मला. त्यांची टोपी तेवढी आणलीय. वाळवून, घडी घालून.

आता बारा वाजायलेत. हजेरीची वही माझ्याकडं हाय. साहेबांनी सगळ्या गावाची नावं लिहिली, स्वतःचं कधी लिहिलं न्हाई. आज शेवटच्या ओळीत मी लिहिलंय. कोंबडीच्याच अक्षरात.

मी नाव पुकारते. पुकारल्यावर दोन मिनिटं कुणी शब्द काढू नका. पाण्यावरनं गोड उत्तर आलं, तर ते आपले साहेब न्हवंत, एवढं आपल्याला कळतंय. पण खेकसून आलं, तर मला ओ दिल्याबिगर राहवणार न्हाई.

वहिनी, इकडं या. माझ्या शेजारी उभ्या राहा. तसं झालं तर माझ्या तोंडावर हात ठेवा.

उठा मंडळी.

फौजदार बिराजदार साहेब!