कचरू रणपिसे आणि सोबत एक

हॅलो?… हॅलो, कोण?… हो, मी जया रणपिसेच बोलतेय, कर्वेनगरहून… हो, हॉटेलचं बुकिंग रद्द करायचा अर्ज माझाच. टाइप नातीनं केला, मजकूर माझा.

तुझं नाव काय गं?… दीपाली. बुकिंग कंपनीच्या खराडीच्या ऑफिसातून. बरं झालं, मराठीत बोलतेस. परवा मी तीनदा फोन केला, तीनदा नुसतं गाणं ऐकवलंत.

… होऊ दे की रेकॉर्ड. मी पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. मला कसली भीती घालतेस!

तर ऐक. कोयनानगर. जलाशयाच्या काठचं हॉटेल, आज दुपारी बारापासून दोन दिवस. लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हणून आमच्या ह्यांनी बुकिंग केलं होतं. ते वीस दिवसांपूर्वी गेले… हो… झोपेतच… बरं बरं, तुला वाईट वाटलं, पोचलं. पुढे बोल.

… जोडलाय की मृत्यूचा दाखला! महानगरपालिकेचा, शिक्क्यासकट… मग?… नाव जुळत नाही?

असं होय. अगं, दाखल्यावर नागसेन आहे आणि बुकिंगवर कचरू. माणूस एकच… हसलीस ना? नाही कशी, हसलीस. मी पस्तीस वर्षं लोकांचे श्वास ऐकलेत.

कचरू कसं, तर ऐक. माझ्या सासूबाईंची, मुक्ताईंची, पहिली तीन मुलं गेली. चौथं तरी राहावं म्हणून नाव ठेवलं कचरू. मरण दाराशी आलं तर त्याला वाटावं, हा तर कचरा, हा काय न्यायचा… हो, ठेवायचे तेव्हा. मग छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हा हायस्कूलच्या मास्तरांनी ह्यांचं नाव नागसेन लावलं. नोकरी नागसेन, पेन्शन नागसेन, सगळं नागसेन. कचरू म्हणायच्या त्या फक्त सासूबाई.

… अगं तेच तर सांगतेय. सत्तरी उलटल्यावर कॉम्प्युटरच्या वर्गाला जायला लागले. हे बुकिंग स्वतः केलं, कुणाला हात लावू दिला नाही. मग मला बोलावून दाखवलं. 'कचरू रणपिसे आणि सोबत एक.' म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाले, 'आईनं दिलेलं नाव चौथीनंतर कधी वापरलंच नाही. नवंकोरं आहे.'

… नियम मला माहीत आहे, दीपाली. बारीक अक्षरातला मजकूरसुद्धा मी भिंग घेऊन वाचलाय. पाहुण्याचं निधन झालं तर सुरुवातीच्या वेळेपर्यंत बुकिंग पूर्ण रद्द होतं, काही कापून न घेता. तो ग्राहकाचा हक्क आहे, तुमची मेहेरबानी नाही. आत्ता अकरा वीस झालेत.

… तोंडी चालेल? मग सोपंच आहे. 'कचरू आणि नागसेन एकच, आणि ते वारले,' एवढंच ना?… म्हणते की. तर, कचरू आणि…

काय गं? थांबू का?… दुसऱ्या लाइनवर हॉटेलवाला आहे?

… कोण आलंय?

… नाही, परत सांग. सावकाश.

… आज सकाळी सहाला, वेळेच्या आधीच. खोली नंबर तीन. एकटे, म्हातारे. पांढरा सदरा.

दीपाली, तो कुणीतरी भामटा आहे. हॉटेलवाल्यानं ओळखपत्र बघितलं का? का आला माणूस, दिली किल्ली?… बघितलं? काय दाखवलं?… शाळेचा दाखला? आता शाळेचा दाखला कोण दाखवतं?… चौथीचा. गावच्या शाळेचा. नाव कचरू.

…

नाही, आहे मी.

तो दाखला सदुसष्टच्या भूकंपात गाडला गेला गं. कोयनेलाच. हे पाटबंधारे खात्यात, धरणावर होते. आमचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. अख्खं क्वार्टर खाली बसलं, त्यात पत्र्याच्या पेटीत तो दाखला. पेटी सापडलीच नाही. म्हणून तर आम्ही पुण्याला आलो आणि मी नोकरी धरली.

रजिस्टरमध्ये पत्ता काय लिहिलाय, बघ बरं… क्वार्टर नंबर चौदा.

… हो. तेच.

तुझ्यामागे पाणी वाजतंय का गं?… एसी आहे? बरं. एसी असेल.

'सोबत एक' म्हणजे कोण, हे विचारलं का त्यांना?… काय म्हणाले?… 'ती मागून येतेय.'

नाही गं, रडत नाहीये. हसू आलं. जन्मभर दहा पावलं पुढे! मंडईत पुढे, स्वारगेटला बस पकडताना पुढे. मी पिशव्या घेऊन मागे. भूकंपाच्या पहाटेही आधी हेच बाहेर. आंब्याखाली उभे राहून ओरडत होते, 'ये, मी इथंच आहे.' मी तुळईखाली अडकलेली. पण तिथून हलले नाहीत हं. जमीन हलत होती, हे हलले नाहीत. लोकांनी मला ओढून बाहेर काढलं, तर मला म्हणतात काय, 'उशीर केलास.'

… आणखी काय म्हणाले?… 'बारापर्यंत येईल ना?' दोनदा विचारलं?… आता तिसऱ्यांदा. आणि चहा दोन मागवलेत. एकावर बशी झाकून ठेवलीय.

… आहे, आहे. ऐकतेय.

दीपाली, मला नाही जायचं.

नात आहे माझी, आम्रपाली. आत झोपलीय. दिवस भरलेत तिचे. आई नाही तिला, जे काही आहे ते मीच. दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवलीय. पन्नास वर्षं ज्यांच्या मागून गेले, त्यांच्या मागून आत्ता नाही जाता येणार मला. आत्ता नाही.

काय काय करता येतं, ते नीट सांग.

… एक म्हणजे, सगळंच रद्द. मी तुला सांगायचं, दोन्ही नावं एकाच माणसाची, आणि तो वारला. मग ह्यांना… मग त्या खोलीतल्या पाहुण्याला?… खोली सोडावी लागेल. कुठं जायचं त्यांनी?… 'ते हॉटेल बघेल.' वा! छान बघेल.

… दुसरं?… फक्त माझं नाव कमी. ते कोण करू शकतं?… मी स्वतः. म्हणजे ह्यांना विचारावं लागत नाही?… अगंबाई. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच.

… पण मग कचरू जिवंत धरायचा. आणि नागसेन वेगळा… हो, कळलं. मलाच सांगावं लागणार.

किती वाजले? अकरा बेचाळीस.

…

अगं, घाई करू नकोस. त्या बाईनं तीन पुरली आणि चौथ्यासाठी एवढं एकच मागितलं. मी तिच्या लेकाला फोनवरून मारू?

घे लिहून. नागसेन रणपिसे, माझे यजमान, वारले. कचरू रणपिसे वेगळे. ते… ते आहेत. त्यांची खोली राहू दे… हो, शुद्धीवर आहे मी, चष्माही लावलाय. आणि दुसरी पाहुणी, जया रणपिसे, वय एकाहत्तर. मी येणार नाही… पुन्हा? स्पष्ट? मी, येणार, नाही. झालं समाधान?

… हो, वाजला मोबाइल. वाचते. 'पाहुणे: एक.' … बारा वाजता पक्कं होणार. तोवर मन बदललं तर?… शेवटचं जे बोलू ते धरतात. बरं. नाही बदलणार.

… आता कसलं कळवायचं?… हॉटेलवाला त्यांना सांगणार? नको गं, तो तुटक बोलेल. मलाच जोडून दे खोलीत… येतं जोडता! आम्ही पीपी कॉल जोडायचो. नाव सांगून लावलेला कॉल. तोच माणूस फोनवर आला तर बोलणं, नाहीतर कॉल रद्द. तसंच विचार, 'कचरू रणपिसे आहेत का?' आणि हे बघ, नागसेन म्हणून विचारू नकोस. चुकूनही नको. आठवण करून देऊ नकोस.

… हो, धरते.

…

ही घरघर कुठली? अशी लाइन आता नसते. ही तर जुनी ट्रंक…

हॅलो?

…

अहो.

… हो, मीच. ओरडू नका, ऐकू येतंय… नाही, स्वारगेटला नाही, घरीच आहे… अहो, ऐका ना. आधी ऐकून घ्या, मग रागवा. मी… आम्रपालीचे दिवस भरलेत हो. तिला टाकून कशी… हो… हो, तुम्हालाही माहीत आहे, पण तुम्ही निघालात ना पुढे. नेहमीसारखे.

… गार होऊ दे. दोन्ही तुम्हीच प्या.

… शाल? ती इथंच राहिली. धुतली नाही मी अजून… खोली बरी आहे का? पाणी दिसतं?… आणि आंबा? अजून आहे?… नाही, त्याच्याखाली जाऊन उभं राहायचं नाही. आत बसा. दार लावून घ्या. कुणी विचारलंच तर नाव कचरूच सांगायचं. दुसरं नाव कुणालाही सांगू नका. कळलं?

… रागावलात?

… अहो, 'मी इथंच आहे' असं नका ना म्हणू. किती वेळ उभे राहाल?

अगंबाई! आम्रपाली उठली… आले गं, आले! भिंतीला धर! पाणी गेलं का?… बस खाली, हलू नकोस!… अहो, कळा सुरू झाल्या वाटतं, मला जायला… मला बघायला हवं. तुम्ही जपून राहा हं. बरं, येते मी.

…

काय म्हणालात?

… नाही, नाही. अहो, तसं नाही. निघताना म्हणतात ना, ते 'येते'. तुम्हाला 'जाते' कसं म्हणू? कधी म्हटलंय का मी?… हॅलो? अहो, चहा काय मागवताय?… हॅलो!

दीपाली! तू आहेस ना मध्ये?… ते धरू नकोस हं. ते नुसतं म्हणायचं म्हणून… तुझ्या घरी काय म्हणतात गं, उंबऱ्यातून निघताना?… 'येते'च म्हणतात ना? मग! सांग ना तुझ्या त्या कॉम्प्युटरला!

… मोबाइल वाजला. थांब… 'पाहुणे: दोन.'

पुसून टाक ते… तुला नाही पुसता येत? मग कुणाला?… मीच पुन्हा म्हणायचं. अकरा एकोणसाठ झालेत. म्हणते, म्हणते… आम्रपाली, आलेच गं बाळा, रिक्षा बोलावते, एकच वाक्य राहिलंय, एकच… दीपाली, मध्ये बोलू नकोस आता. ही घरघर वाढलीय, ऐकू येतंय ना तुला?… स्पष्ट म्हणायचं. हो. घे.

मी येणार