हसून अंगठा लावा

लोकांना शहाणपण शिकवायची मला लई खोड, पण त्या दिवशी तोंड लपवायला जागा मिळंना बघा. आमच्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत हजेरीचं रजिस्टर बंद करून अंगठ्याचं मशीन बसवलं. कामगारांनी हा बदल आनंदानं स्वीकारावा म्हणून साहेबांनी मला भाषण करायला लावलं. मग काय, मी सुटलोच! सत्तारचाचांची हजेरी आठवडाभर मशीनवर लागलेली नव्हती. वाळूचे साचे भरण्यात चाचांची हयात गेलेली. नेमकं त्यांनाच मी सगळ्यांसमोर उभं केलं.

"चाचा, मशीनला काय भ्यायचं? मनातच नकार असला की असं हुतंय. हसून अंगठा लावायचा!"

चाचा म्हणाले, "रोज लावतोय की, सर. धा-धा येळा लावतोय. घेतच न्हाय."

"दाखवा बघू अंगठा," मी दरडावलंच.

त्यांनी अंगठा माझ्यापुढं धरला. वाळूत घासून घासून पार गुळगुळीत झालेला. एक रेघ म्हणून शिल्लक नव्हती.

  आणि चाचा अगदी मनापासून विचारत होते, "हसून लावल्यावर घेतंय काय हो, सर?"