लाजरीवरचा उजेड

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, सांडपाणी खात्यातले माझे सगळे सोबती, त्यांच्या घरून आलेल्या माता-भगिनी आणि त्या मोठ्या खुर्चीत अंग चोरून बसलेले आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, आमचे भाऊ,

मला बोलायला उभं केलंत, आभारी आहे. शाळेचं आणि माझं फारसं जमलं नाही, तेव्हा मोठ्या भाषणाची आशा ठेवू नका. भाऊंनी आणि मी एकाच गाडीत उभा जन्म काढला. मी चेंबरची झाकणं उघडायची, त्यांनी पाइपात कॅमेरा सोडायचा, एवढीच आमची विद्या.

त्या कॅमेऱ्यात एकदा काय दिसावं? पाइपाच्या जोडाला चिकटलेला, मुठीएवढा लालसर गोळा. उजेड पडला की आकसायचा, मग पुन्हा फुगायचा. काळीज धडधडावं तसा! मी म्हटलं, "भाऊ, घरी चला. नोकरी गेली खड्ड्यात." भाऊ म्हणाले, "ती आहेच खड्ड्यात. तू बस."

तपासणीवाले येऊन सांगून गेले : बारीक किडे आहेत, गांडुळाच्या नात्यातले, कुणाला काही करत नाहीत. पाइपात रुतायला माती मिळत नाही, म्हणून एकमेकांनाच घट्ट धरून बसलेत.

भाऊंनी हे घरी वहिनींना सांगितलं. वहिनी तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. त्या गोळ्याला लाजरी हे नाव त्यांनीच ठेवलं. संध्याकाळी भाऊंच्या चपला पायातून निघायच्या आत आतून हाक, "अहो, आज फुगली होती की रुसली होती?" घरात माणसं दोनच. दुखण्याबद्दल बोलणं नको वाटायचं, मग लाजरीबद्दल बोलायची. त्यातून भाऊंची एक रीतच पडली. तो जोड आला की कॅमेऱ्याचा दिवा मालवायचा, जरा थांबायचं, ती पसरली की मंद उजेडात बघायचं. साहेब, आमच्या गाडीला उशीर का व्हायचा, ते आज कळलं ना?

वहिनी गेल्या. रीत राहिली. एकदा मी गाडीत हळूच चढलो, तर कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर भाऊ एकटेच म्हणत होते, "फुगलीय गं आज."

मागच्या आठवड्यात त्या पाइपाला आतून नवं अस्तर घालायचं ठरलं. त्याआधी जोराच्या पाण्यानं धुणं आलं. मी म्हटलं, "तुम्ही सुट्टी घ्या, मी बघतो." म्हणाले, "परक्या हातानं नको रे." मी परका? मला लागलं, खोटं कशाला बोलू? पण मग पाहिलं. त्यांनी दिवा मालवला. ती निवांत पसरेल इतका वेळ थांबले, आणि स्वतःच्या हातानं पाणी सोडलं. दिवा लावला तेव्हा जोड कोरा होता.

भाऊ पडद्याकडे बघत राहिले. म्हणाले, "आता संध्याकाळी सांगू काय?"

मंडळी, याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडे आहे?

भाऊ, उद्यापासून संध्याकाळी माझ्याकडे यायचं. सांगायला काही नसलं तरी यायचं. रुतायला माती उरली नाही की काय करायचं, ते आपण दोघांनी मिळून पाहिलंय.

समारंभ घडवून आणणाऱ्या सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. आणि फोटोवाले दादा, एक विनंती. तो दिवा भाऊंच्या तोंडावरून जरा बाजूला घ्या. आपण थोडं थांबू.