जयू फळ्यापाशी उभी राहिली

मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत, ही तक्रार माझ्यापाशी करू नका. त्यात मी एकदा चांगली पोळले आहे.

२०१६ साली मी डहाणूजवळच्या एका शाळेत सातवीला गणित शिकवत होते. सगळ्यांत गप्प मुलगी जयू. तिने बोलावं म्हणून एकदा अपूर्णांकांची बेरीज लिहून तिलाच फळ्यापाशी बोलावलं. ती खडू धरून नुसती उभी राहिली.

"येत नाही ना? बस खाली," मी म्हटलं. मुलं हसली.

दुसऱ्या दिवशी जयू आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सातवीतली मुलगी एकदा घरी बसली की परत येईलच असं नसतं. शाळा सुटल्यावर मी तडक तिच्या पाड्यावर गेले. तिची आई अंगणात तांदूळ पाखडत होती.

"जयूने शाळा सोडली का हो?"

"नाय वो बाई, ताप भरलाय तिला."

मी ओट्यावर टेकले. तेवढ्यात गोधडी गुंडाळलेली जयू दारात आली.

"बाई, उत्तर सात छेद आठ होतं ना?"

"अगं, बरोबर! मग तेव्हा का नाही लिहिलंस?"

"मनात करतच होते. तुम्ही थांबलाच नाहीत."