रघूच्या हापिसातला फोन

मैना: आये, ओरडू नकोस. मला स्पष्ट ऐकू येतंय.

ठकुबाई: तू लांब हायेस ना, म्हनून.

मैना: तीन महिने झाले, रोज बोलतोय आपण. तरी तू ओरडतेसच. हेडफोन आहे माझ्या कानात, पडदा फाटेल एखाद दिवशी.

ठकुबाई: सवय गं, बाय. धामणकर नाक्यावरच्या फोनच्या बूथमधी दार लावून आत उभी राहायची मी. बाहेर रिक्षावाले बोंबलायचे, समोर तो लाल आकडा पळायचा. ह्ये सांगायचं, त्ये सांगायचं, असं घरापासून मनात म्हनत जायची. आत गेल्यावर ‘बरी हायेस ना’ येवढंच तोंडातून निघायचं, की सरली तीन मिनिटं.

रघू: आता आकडा नाय नि मीटर पण नाय. सिमकार्डला हात लावायचाच नाय. आवाज हवेतून या डबीत, डबीतून वायरीत नि वायरीतून डायरेक्ट आयर्लंड. फोकट. पायजे तेवढं बोल.

मैना: दादा, तू पण आहेस का तिथे?

रघू: मग हिला फोन लावून कोण देतो? अजून उलटा धरते. कॅमेऱ्यात तोंड घालून बोलते.

ठकुबाई: दोन्हीकडनं सारखाच दिसतो मेला. मैने, जेवलीस का?

मैना: आत्ताच रात्रीची ड्युटी करून आले, इथे सकाळ आहे. परवाची गंमत सांगायची राहिली. तू पाठवलेली सुकट भाजायला घेतली आणि घरभर धूर झाला. छताला ती धुराची घंटा असते ना, ती वाजायला लागली. वरच्या मजल्यावरची म्हातारी काठी घेऊन खाली. तिला वाटलं, आग लागली.

ठकुबाई: मग दिलीस का तिला चवीला?

मैना: दिली. तेव्हापासून बोलत नाही.

ठकुबाई: तुझ्या थोरल्या काकीला पन सुकटीचा वास सोसत न्हवता. आमीच तिच्याशी बोलत न्हवतो.

रघू: आये, सुकट पुरे आता. गाडीत मी काय सांगितलं तुला?

ठकुबाई: बोलते रे. जरा दम धर.

रघू: सोमवारी वकील येतोय. किती दम धरू?

मैना: दादा, कागद मिळालेत मला. पाकीट समोर टेबलावर आहे. दूतावासात जायला गुरुवारची सुट्टी पण मागून ठेवलीय. माझं एकच म्हणणं होतं, आयेच्या तोंडून ऐकायचंय.

रघू: म्हणून तर बसवलीय तिला समोर.

मैना: आये, बाबांच्या मागे जांभळीच्या शेतावर आपली तिघांची नावं लागली. दादा म्हणतो, तू तुझा हक्क सोडल्याचं लिहून दे. म्हणतो, खाडीचं पाणी शिरतं, भात होत नाही, शेत पडीक झालंय. तू सांग. करू सही?

ठकुबाई: मी काय सांगू, बाय.

रघू: कर म्हण. दोन अक्षरं हायत.

ठकुबाई: माहेरच्या जमिनीसाठी माझा अंगठा घेतला ना तुझ्या मामानं, तवा रघू कडेवर व्हता. भाऊ घ्यायला आला. म्हनाला, आई आजारी हाय, गणेशपुरीला चल. मी हरखले. पोराला टोपी घातली, आईला द्यायला वाल बांधून घेतले. भिवंडीला एस्टी बदलायची, तर ह्यो मला स्टँडवर न्हाय, कचेरीत घेऊन गेला. बाकड्यावर बसवली. कारकुनानं अंगठा धरला, शाईत दाबला नि कागदावर टेकवला. मी चौथी शिकलेली. मला सही येत व्हती गं. पन मला कुनी विचारलंच न्हाय.

मैना: मग?

ठकुबाई: मग हिरवं लुगडं दिलं, खण दिला. म्हनाला, आता उशीर झाला, आईला पुढच्या खेपेला भेट. परतीच्या गाडीत बसवून दिलं. वाल तसेच घरी आले.

रघू: पण दिलंस ना तू? माहेर राहिलं ना तुझं? भाऊबीजेला मामा यायचा, मला आठवतं.

ठकुबाई: तीन वर्सं आला.

रघू: आला ना पण! चांगल्या बहिणी असंच करतात. आपल्या शेजारच्या केसरीनाथला विचार. तिन्ही बहिणी एका दिवसात आल्या, सह्या केल्या, जेवून गेल्या. साडीचोळी केली त्यानं. कोणी तोंड वाकडं नाय केलं.

मैना: म्हणजे मी वाईट बहीण.

रघू: मी असं बोललो का?

मैना: बोललास.

रघू: बरं, बोललो. बाबा अकरा महिने अंथरुणात होते. कुशीवर कोण वळवायचं? गू-मूत कोण काढायचं? मी नि माझी बायको. तू चौथ्या दिवशी आलीस, दहाव्याला पिंडाजवळ रडलीस, चौदाव्याला विमानात.

मैना: मी नर्स आहे, दादा. परक्या माणसांचं तेच काढते रोज. आपल्या बापाचं काढायला मिळालं नाही, याचं काय होतं ते तुला नाही कळायचं.

रघू: नाय कळणार. आम्ही इथं राहिलो ना, आम्हाला काय कळतं.

ठकुबाई: फोकट हाय म्हनून भांडता रे. बूथमधी कवा कुनी भांडलं न्हवतं.

मैना: तो कसला आवाज येतोय मागे?

रघू: काय नाय. ट्रक मागे घेतायत.

मैना: ट्रक? तुझ्या नारपोलीच्या हापिसाच्या गल्लीत तर रिक्षा वळत नव्हती.

रघू: आता वळतात. नऊ वर्षं झाली तुला जाऊन, सगळं बदललं... क्या हुआ? अरे रुको, माल मत उतारो, मैं आ रहा हूँ! आये, मी दोन मिनिटांत आलो. तू सांग तिला. कळलं ना? कर म्हण, बस.

(रघू बाहेर जातो. काचेचं दार उघडंच राहतं.)

मैना: गेला का?

ठकुबाई: गेला.

मैना: आता सांग. मोकळेपणाने सांग.

ठकुबाई: तुझा दर्शन साळंत गेला का गं?

मैना: गेला. आये, विषय नको बदलूस. शेत खरंच पडीक आहे का?

ठकुबाई: भात न्हाय होत आता तिथं.

मैना: म्हणजे दादा म्हणतो ते बरोबर आहे. मग करते मी सही. कशाला भांडण वाढवायचं? नुसतं गवत उगवलेल्या जमिनीसाठी मला भाऊ नाही तोडायचा.

ठकुबाई: गवत पन न्हाय उगवत.

मैना: म्हणजे?

ठकुबाई: मी तिथंच बसलेय, बाय.

मैना: कुठे?

ठकुबाई: जांभळीच्या शेतात. खुर्चीवर. डोक्यावर पंखा फिरतोय.

मैना: आये, काय बोलतेस तू?

ठकुबाई: पावसाळा सरला नि डंपर यायला लागले. माती टाकली, दगड टाकले, बांध दिसंनासे झाले. जांभूळ पाडलं. वरचं झाड तासाभरात आडवं झालं, पन बुंधा दोन दिवस निघंना. मशीन आणून उपटला. मग पत्र्याचं गोदाम उभं केलं. येवढं मोठं हाय की ह्या दारात उभं राह्यलं तर पल्याडच्या दारातला मानूस वळखू येत न्हाय. नुसती खोकी. त्याच्या कोपऱ्यात ही काचेची खोली, रघूचं हापिस. आपलं खळं साधारन हितंच व्हतं.

मैना: कधी झालं हे?

ठकुबाई: गुढीपाडव्याला गोदामाची पूजा घातली.

मैना: आणि नारपोलीचं हापिस?

ठकुबाई: त्ये कवाच सोडलं.

मैना: मग तू रोज मला फोन...

ठकुबाई: हितनंच. ज्या कंपनीनं गोदाम भाड्यानं घेतलं, तिनं इंटरनेट घेतलं ना, म्हनून ही डबी हितं हाय. गावात वायर आलीच न्हाय.

मैना: मी तुला विचारलं होतं, आये. श्रावणात विचारलं होतं, शेतावर कोणी जातं का. तू म्हणालीस, जाते मी अधूनमधून.

ठकुबाई: जात व्हतेच की.

मैना: आये!

ठकुबाई: सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यानं मला गाडीत घेतलं नसतं. आज न्हाय, उद्या सांगू, असं म्हनायची मी. उद्या तू दर्शनचा दात पडल्याचं सांगायचीस. परवा सांगू म्हटलं, तर परवा तुला ताप. नऊ वर्सं महिन्याला तीन मिनिटं ऐकली मी तुला. मग ह्यानं ही डबी लावली नि तुझा श्वास पन ऐकू यायला लागला. बोलायचं सरलं तरी तू फोन चालू ठेवून भांडी घासायचीस. मी हितं बसून तुझ्या नळाचं पानी ऐकायची. त्ये सोडवंना गं मला.

मैना: म्हणजे फोनसाठी तू माझं शेत जाऊ दिलंस.

ठकुबाई: शेत त्यानं घेतलं. मी गप्प राह्यले.

मैना: त्यात काय फरक आहे, आये?

रघू: (परत येत) कसला फरक? झालं का बोलून?

मैना: दादा, पंखा चांगला फिरतोय म्हणे.

रघू: आये?

ठकुबाई: सांगितलं मी.

रघू: दोन अक्षरं दिली होती तुला बोलायला. दोन.

मैना: तिला कशाला बोलतोस? माझ्याशी बोल. पडीक ना शेत? खाडीचं पाणी शिरतं ना?

रघू: शिरत होतंच. भराव मी घातला. त्या चिखलात उन्हाचा उभा मी राहिलो. कंपनी मी शोधून आणली. आता त्यांना कागद साफ पायजे. नायतर सोमवारी ते दुसरीकडे जातील, भिवंडीत गोदामं काय कमी हायत का? आणि तुला आधी विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?

मैना: हो.

रघू: आता म्हणतेस.

मैना: गुरुवारची सुट्टी मी कशाला मागितली होती, दादा? सही करायलाच मागितली होती. तू खरं सांगितलं असतंस तरी केली असती.

रघू: मग कर ना! काय बदललं त्यात?

मैना: तुला ते विचारावं लागतंय.

रघू: हे बघ, ही डबी लावली ती कुणासाठी? नवीन फोन घेतला तो कुणासाठी? मी अजून जुनाच वापरतो. रोज दुपारी काम सोडून हिला घरून आणतो, परत सोडतो. आयेसाठीच ना?

मैना: आयेसाठी की सहीसाठी?

रघू: दोन्हीसाठी. काय चुकलं त्यात? आई आहे माझी, शेत पण माझं.

मैना: तुझं?

रघू: मग कुणाचं, ते तूच बोल. पण एक सांगतो. सही नाय आली तर उद्यापासून मी हिला इथं आणणार नाय. मग बसा दोघी पत्र लिहीत.

मैना: ऐकलंस, आये?

ठकुबाई: मला ठाऊकच व्हतं त्ये. मैने, तू माझ्याकरता सही करू नको. माझं कसं पन भागंल. पयलं भागतच व्हतं की.

मैना: तुझ्याकरता? तुझ्याकरता काय करायचं, तेच मला कळेनासं झालंय. गुडघा आता दुखत नाही म्हणतेस. गोळ्या वेळेवर घेते म्हणतेस. दोन वेळा पोटभर जेवते म्हणतेस. यातलं मी खरं काय मानू?

ठकुबाई: जेवते गं. खरंच जेवते. सून चांगली हाय, करून घालते.

मैना: आणि गुडघा?

ठकुबाई: गुडघा दुखतो. येवढंच खोटं सांगितलं. दुसरं काय न्हाय. शेताचं नि गुडघ्याचं.

रघू: मैना, ते सोड. मला हो की नाय ते सांग. वकिलाला काय सांगू मी?

ठकुबाई: थांब रे जरा. मैने? आईवर रागावली असशील तर रागाव, मी ऐकते. बोल. पायजे तर शिव्या दे.

रघू: मैना?

ठकुबाई: नको बोलूस मग. भांडी असतील तर घास. नुसता फोन चालू ठेव.

रघू: आये, दे इकडे.

ठकुबाई: रघू, फोन बंद झाला. नेट गेलं का रे?

रघू: नाय.

ठकुबाई: नीट बघ. कवा कवा जातं, तूच म्हनतोस.

रघू: बघितलं, आये. चालू हाय. रेंज पण पूर्ण हाय.