पट्टी बांधलेले सिलिंडर

(अग्निशमन केंद्राचं भांडार. सकाळचे पावणेदहा. भांडारपाल टेबलाशी, अ‍ॅम्ब्युलन्सची सिस्टर दारात, एका बाहीला शिंप्याच्या टाचण्या तशाच.)

सिस्टर : ...आणि तो शिंपी म्हणतो, हात वर करा, श्वास सोडा. बावीस वर्षं अ‍ॅम्ब्युलन्सवर काढली काका, लोकांना श्वास घ्या म्हणत. सोडा म्हणणारा हा पहिलाच.

भांडारपाल : कालपासून तुमची अख्खी अ‍ॅम्ब्युलन्स सेवा अग्निशमन दलात आहे, सिस्टर. इथे आधी युनिफॉर्म, मग माणूस.

सिस्टर : दिसतंय ना. आमच्या झाडून सगळ्यांना मापाच्या रांगेत उभं केलंय. आणि एवढ्यात कॉल आला तर?

भांडारपाल : आला की. नऊ वाजता. तुम्ही रांगेत होतात, म्हणून आमचे दोघे पाठवले. एक चालक, एक जवान.

सिस्टर : आमची गाडी घेऊन? आम्हाला न विचारता?

भांडारपाल : आमची-तुमची सोडा हो आता. प्रशिक्षण झालंय त्या दोघांचं.

सिस्टर : किती दिवसांचं?

भांडारपाल : तीन.

सिस्टर : वा! आणि पेशंट कोण?

भांडारपाल : माझे वडील.

सिस्टर : अहो काका! आणि तुम्ही इथे बसलात होय?

भांडारपाल : साहेबांचा हुकूम. पहिलेच दिवस आहेत, भांडार सोडायचं नाही. न्युमोनिया झालाय त्यांना. चार दिवस घराजवळच्या दवाखान्यात होते. आज डॉक्टर म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलला हलवा. तासाभराची वाट आहे. धाकटा भाऊ आहे सोबत. खरं सांगू? धाकधूक आहेच मनात. पण माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. ऑक्सिजनला कमी पडू दिलेलं नाही.

सिस्टर : त्या गाडीत लावलेला सिलिंडर अर्ध्याच्या खाली आहे. काल मीच काटा बघितला होता. जादा दिलेत ना?

भांडारपाल : दोन. स्वतः उचलून दिले. तुम्हाला म्हणून सांगतो, राग मानू नका. काल तुमचं सामान आलं ना, तेव्हा मी कपाळाला आठ्या घालूनच दार उघडलं होतं. म्हटलं, ही मंडळी दिवसभर रस्त्यावर, यांचा सगळा सावळागोंधळ असणार. पण तुमचे सिलिंडर बघितले आणि बरं वाटलं बघा. मानेला पट्टी! अगदी आमच्यासारखी. घरी जाऊन बायकोला म्हटलं, जमेल आपलं यांच्याशी.

सिस्टर : तुमच्यासारखी म्हणजे?

भांडारपाल : धुरात शिरताना आमचे जवान पाठीवर हवेचा सिलिंडर घेतात ना, तो भरून आला, मी तपासला, की मानेला पट्टी बांधतो. तीस वर्षांची सवय. पट्टी दिसली की डोळे मिटून उचलायचा. ते काय, मांडणीवर ओळीने उभे आहेत.

सिस्टर : आणि आमचे, बिनपट्टीचे?

भांडारपाल : त्या कोपऱ्यात. दुपारी टेम्पो येईल, भरायला जातील.

सिस्टर : तो पाना द्या जरा.

भांडारपाल : कशाला? रिकाम्याला पाना लावून काय...

सिस्टर : ऐका.

भांडारपाल : हा तर फुसफुसतोय.

सिस्टर : हा पण. आणि हा पण. काका, बसा खाली.

भांडारपाल : उभाच बरा आहे मी. बोला.

सिस्टर : आमच्याकडे पट्टी रिकाम्याला बांधतात. संपला की लगेच बँडेजचा तुकडा मानेला. घाईत कुणी चुकून उचलू नये म्हणून.

भांडारपाल : असं कसं असेल? नाही. कुठे लिहिलंय असं?

सिस्टर : कुठेच नाही. आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, लिहिणार कोणासाठी? आज आमचा एक जरी माणूस गाडीवर असता, तर त्या दोन सिलिंडरना हातसुद्धा लावला नसता त्याने.

भांडारपाल : पण काटा आहे ना. जवान काटा बघेल की.

सिस्टर : काटा कळतो सिलिंडर चढवल्यावर. आणि चढवतात कधी? आधीचा संपल्यावर.

भांडारपाल : आधीचा किती पुरेल?

सिस्टर : म्हातारं माणूस, धाप लागलेली. अर्धा तास, फार तर. दवाखान्यातून निघाले कधी?

भांडारपाल : सव्वानऊला.

सिस्टर : भावाला फोन लावा. लवकर.

भांडारपाल : वाजतोय... हॅलो? कोण? ...बरं. बरं, ठेवतो. दवाखान्यातली नर्स होती. गडबडीत फोन खाटेवरच विसरून गेलाय तो.

सिस्टर : मग जवानाला लावा. चालकाला लावा.

भांडारपाल : त्यांचे फोन गेटवरच्या पेटीत आहेत. ड्यूटीवर जवळ ठेवायचे नाहीत, वायरलेसवर बोलायचं.

सिस्टर : मग बोला ना वायरलेसवर!

भांडारपाल : तुमच्या गाड्यांना तो सोमवारी बसणार आहे.

सिस्टर : ...मी जाते. हे दोन उचलायला हात द्या. आमच्या दुसऱ्या गाडीची किल्ली कुठाय?

भांडारपाल : साहेबांच्या कपाटात. सही लागते, आणि साहेब सभेला... थांबा, बंब घ्या. दारातला पहिला. चालक कायम बसलेला असतो. त्याला माझं नाव सांगा. पुढचं मी निस्तरतो.

सिस्टर : तुम्हीही चला.

भांडारपाल : त्यांना काही अडलं तर ते फोन इथेच करणार, भांडारात. मीच सांगितलंय तसं. जा तुम्ही, सिस्टर. बोलत थांबू नका.

सिस्टर : काका, तुमचा दोष नाही हा.

भांडारपाल : ते मागून ठरवू. जा!

...

भांडारपाल : हॅलो! भांडार!

जवान : काका, मी बोलतोय. रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर थांबलोय, इथल्याच फोनवरून बोलतोय. पहिला सिलिंडर संपला.

भांडारपाल : नीट ऐक. गाडी वळव. समोरून बंब येतोय, त्यात सिस्टर आहेत, भरलेले सिलिंडर आहेत. दहा-बारा मिनिटांत गाठ पडेल.

जवान : भरलेले आहेत की आमच्याकडे. दोन्ही चढवून बघितले, काटा जागचा हलत नाही. आमचंच काहीतरी चुकतंय.

भांडारपाल : वडील कसे आहेत?

जवान : ओठ निळे पडलेत. तुमचा भाऊ हाका मारतोय, पण ते बघत नाहीत त्याच्याकडे. काका, गाडी वळवतो, पण दहा मिनिटं फार होतात हो. तोवर पाना कुठल्या बाजूला फिरवायचा ते तरी सांगा. मी डावीकडे फिरवतोय.

भांडारपाल : डावीकडेच.

जवान : नक्की ना?

भांडारपाल : हो रे. तू बरोबरच फिरवतोयस.