बापापुरती साक्ष

रुपराव : तू अशी दारात आडवी उभी राहशील, तं आमी बसावं कुठं वं? सख्खा काका हावो तुया.

पंचफुला : तुम्ही बसा, काका. याला कशाला आणलंत?

रुपराव : थान नाव हाये त्याचं. तुया बापाचा रंगूनचा पोरगा.

पंचफुला : बाबा गेल्यावर बरा उगवला.

रुपराव : मयतीनंतर लगेचच आला होता. तिकडून हिंदुस्थानी लोकायले हाकलून राह्यले, जहाजं भरभरून येऊन राह्यली. तुयं दुःख ताजं होतं, म्हणून म्या त्याले उमरेडले ठेवला. खाणीवर लावला, बोलीबी तिथंच शिकला.

पंचफुला : म्हणजे सहा महिने माझ्यापासून लपवला.

रुपराव : कायदाबी सहाच महिने म्हणते. माय नाही तं बाप इकडं जन्मला असन, आन् पोरगा इथं सहा महिने राह्यला असन, तं त्याले इथला धरते. पण कचेरीतला साहेब म्हणे, काकाची साक्ष पुरत नाही. महादेवरावाच्या घरच्यानं येऊन सांगावं, का हा त्याचाच. नाही तं वापस धाडन.

पंचफुला : जाऊ दे वापस. आपल्या आईकडे जाईल.

थान : आई नाही. दुकान सरकारनं घेतलं, मंग तेबी गेली.

पंचफुला : मी काकांशी बोलते आहे.

रुपराव : शाळेत पोरायले शिकवते तू, इतकी बुकं वाचली. असं बोलावं काय?

पंचफुला : माझी आई विहारात गेली आहे, येईल आत्ता. एवढा संसार करून तिनं आता म्हातारपणी सवत ऐकायची? कायद्याला रक्त दिसतं, काका. माझी आई दिसत नाही.

रुपराव : बेचाळीस साली रंगूनवर बाँब पडून राह्यले होते. दादा जंगलातून पायी आला. हे मायलेक मेले, असंच समजत होता.

पंचफुला : समजत होते, की सोयीनं तसं समजले?

थान : तो फोटो त्यायचाच ना? जरा पाणी द्या.

पंचफुला : तांब्या भरलेला आहे. घे.

(थान फोटोपुढे बसतो. तांब्यातलं पाणी थेंबथेंब ताटलीत सोडतो.)

पंचफुला : हे तुला काकांनी शिकवलं?

रुपराव : म्या कायले शिकवू? मले तं वाटे, तुमच्या इंदोरा मोहल्ल्याचीच रीत हाये.

थान : आमच्याकडं सारेच करते. आपलं पुण्य मेलेल्यायले वाटाचं, तं पाणी सोडाचं. धरती साक्षी राहते.

पंचफुला : छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आलो, तेव्हा पुढं काय करायचं, कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबांनी असं पाणी सोडलं. अख्खा मोहल्ला शिकला. लग्न असो, मयत असो, आजही सोडतात. मी विचारलं, कुठं लिहिलंय? म्हणाले, असतंच ते. वाचनालयातली सगळी पुस्तकं मी पालथी घातली, एकातही सापडलं नाही.

रुपराव : बस कर, पोरी.

पंचफुला : दर पौर्णिमेला, याच्या नि याच्या आईच्या नावानं, आमच्यादेखत. आणि आम्ही मागे हात जोडून बसायचो. माझी आईसुद्धा.

थान : आमी तं जिते होतो.

पंचफुला : मग काहून आला नाही आधी? ते होते तवा काहून नाही आला?

थान : आधी तिकडचं सरकार येऊ देत नव्हतं. तिकडं मले काला म्हणत, बाप हिंदुस्थानी म्हणून. इथं खाणीवर चिनी म्हणते.

रुपराव : सांगून टाक वं माय. दादा असता तं...

पंचफुला : बाबा असते तर मी त्यांनाच विचारलं असतं. याच्याशी बोलले नसते. आई यायच्या आत तुम्ही दोघं निघा. तिला मी सांगते. उद्या कचेरी उघडली की येते.

रुपराव : नक्की येशील?

पंचफुला : हा महादेवरावांचा मुलगा आहे, एवढं सांगेन. खरं आहे म्हणून सांगेन. भाऊ म्हणणार नाही. आणि या घराची पायरी यानं पुन्हा चढायची नाही.

थान : भाऊ हाये का, हे कचेरीवाल्यायनं इचारलंच नाही. फक्त बाप इचारते.